कॉलेजातल्या उंदरांची किडनी वाचली, मंग मामाले तो काढा द्यावा का?

पूर्णाकाठचा

राम राम मंडळी. मी जळगाव जामोद तालुक्यातला, म्हणजे खारपाणपट्टा, बोअरचं पाणी तोंडात घेतलं की डाळीत मीठ टाकायची गरज नाही. इकडं किडनीचे पेशंट गावोगाव आहेत हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल. माझ्या मामाला पण तोच त्रास, क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतो तो कचरा) आता ४.१ आहे, अकोल्याचे डॉक्टर म्हणतात डायलिसिस लगेच नाही पण पथ्य कडक पाळा. मामा पथ्य पाळतात म्हणजे मामी ताटात वाढते तेवढं पाळतात, बाहेर गेले की तंबाखूचा खर्रा चालूच.

आता भानगड अशी झाली की मामेबहीण एमएस्सी फिजिक्सला आहे, तिचा प्रोजेक्ट कॅडमियम सल्फाइडच्या थिन फिल्मवर. त्याच कॉलेजात झूलॉजीवाल्यांचं काम चालू आहे की वनस्पतीच्या अर्कातल्या अँटिऑक्सिडंटमुळं उंदरांची किडनी वाचते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन होता तेव्हा दोन्ही पोस्टरं शेजारी शेजारी लावलेली. मामा गेले पोरीचं पोस्टर पाहायला अन् मोबाइलमधे फोटो काढून आणला शेजारच्या पोस्टरचा. तेव्हापासून घरात एकच विषय. त्यात आठवडी बाजारात एक जण पुनर्नव्याचा काढा विकतो ३०० रुपये बाटली, तो आता म्हणतो पाहा कॉलेजवाल्यांनी पण सिद्ध केलं, मी काय वेगळं सांगत होतो. मामा दोन बाटल्या घेऊन आले, अजून फोडल्या नाहीत कारण मामी चावी घेऊन बसली कपाटाची.

मला विचारायचं हे की काढा द्यावा का. आणि दुसरं, त्या पोस्टरवर लिहिलं होतं की उंदरांना कॅडमियम क्लोराइड देऊन किडनी खराब केली, आणि बहिणीला विचारलं तर ती म्हणते आम्ही पण कॅडमियम क्लोराइडच वापरतो. म्हणजे एका खोलीत ज्यानं किडनी खराब होते ते दुसऱ्या खोलीत पोरगी बीकरमधे ढवळत बसते का? तिला विचारलं तर म्हणते काही होत नाही दादा, सगळेच करतात. आणि ह्या फिल्मचा उपयोग काय, तिला पुढं पीएचडी पण त्यातच करायची आहे. कोणी जाणकार असेल तर सांगा, लिंका देऊ नका, मामाला मराठीत वाचून दाखवायचं आहे.


फिल्मवाला_वर्धा

फिजिक्सचा भाग मी सांगतो, पीएचडी याच कामात चालू आहे. काढ्याबद्दल मी बोलणार नाही, ते आपलं क्षेत्र नाही.

थिन फिल्म म्हणजे काचेच्या पट्टीवर एखाद्या पदार्थाचा अगदी पातळ थर. किती पातळ, तर सोलर सेलसाठी कॅडमियम सल्फाइडचा (सीडीएस) थर साधारण ५० ते १०० नॅनोमीटर लागतो, आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे हजारभर थर बसतील. कॅडमियम टेलुराइडचे सोलर पॅनल बाजारात आहेत त्यांच्या जुन्या रचनेत हा सीडीएसचा थर खिडकीसारखा पुढं असायचा, उजेड आत जाऊ द्यायचा. सीडीएसचा बँड गॅप, म्हणजे किमान किती ऊर्जेचा उजेड तो गिळतो ती हद्द, २.४२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणून फिल्म पिवळी दिसते, निळा उजेड ती गिळते. झिंक ऑक्साइड, टिन ऑक्साइडच्या फिल्म गॅस सेन्सरला लागतात. तर उपयोग आहे, पण तुझ्या बहिणीच्या काचपट्टीवरून उद्या पॅनल निघणार नाही, एमएस्सीच्या प्रोजेक्टचा उद्देश हात बसणं एवढाच असतो, अन् ते काही कमी नाही.

आमच्याकडच्या कॉलेजात हे काम एवढं का चालतं माहित्ये का, कारण व्हॅक्यूमचं मशीन लागत नाही. केमिकल बाथ डिपॉझिशन म्हणतात त्याला, सीबीडी. बीकर, वॉटर बाथ, थर्मामीटर, पीएच मीटर अन् काचपट्ट्या, संपलं. कॅडमियमच्या क्षाराचं द्रावण घ्यायचं, त्यात अमोनिया टाकायचा, आधी पांढरा साका येतो मग जास्त अमोनियात तो विरघळून जातो अन् पाणी स्वच्छ होतं. मग थायोयुरिया, सल्फर त्यातून येतो. पीएच १० ते ११, तापमान ७० ते ८० डिग्री. काचपट्ट्या उभ्या टांगून ठेवायच्या. थोड्या वेळानं बीकर लिंबासारखा फिका पिवळा होतो, मग गडद, मग नारिंगीकडं जातो, आणि खोलीत अमोनियाचा असा वास की डोळ्याला पाणी. अमोनियाचं काम हेच की तो कॅडमियमला धरून ठेवतो अन् हळूहळू सोडतो, मग एकेक आयन काचेवर बसतो. अमोनिया कमी पडला तर सगळं एकदम बीकरमधेच गढूळ होतं, पट्टीवर पावडर बसते अन् कापसानं पुसली की निघून येते. चांगली फिल्म पुसून निघत नाही, काचेला आरशासारखी चमक येते अन् आरपार पिवळं दिसतं. ज्या दिवशी तशी निघते त्या दिवशी गाईड चहा पाजतो.

आणि काच धुण्याचं काम कोणी सांगत नाही पण निम्मी फिल्म तिथंच ठरते. साबणाचं पाणी, ॲसिड, डिस्टिल्ड वॉटर, ॲसिटोन, अन् त्यानंतर बोट लावायचं नाही, बोटाच्या तेलाचा ठसा फिल्ममधे जसाच्या तसा उमटतो. खारपाणपट्ट्यातल्या कॉलेजात तर नळाच्या पाण्यानं शेवटचा हात मारला की मेलं, क्षाराचे डाग.

नंतर एक्सआरडी, म्हणजे एक्स-रे टाकून फिल्मच्या स्फटिकाची रचना बघायची. मशीन कॉलेजात नसते, सॅम्पल चंदीगडच्या सैफ नाहीतर कोचीच्या एसटीआयसी ह्या तपासणी केंद्राला कुरिअर करायचे अन् वाट पाहायची. ग्राफवर शिखर रुंद आलं तर कण बारीक, अरुंद आलं तर मोठे, शेररचं सूत्र लावून कणाचा आकार निघतो. इथं एक सांगतो बहिणीला नक्की सांग, सीडीएसचं मुख्य शिखर २६.५ डिग्रीच्या आसपास येतं आणि ते क्यूबिकचं पण असू शकतं आणि हेक्झागोनलचं पण (स्फटिकाच्या ह्या दोन रचना), दोघांची शिखरं तिथं जवळजवळ एकावर एक पडतात. एका शिखरावरून आमची फिल्म हेक्झागोनल आहे असं ठोकून दिलं तर व्हायव्हात एक्स्टर्नल तिथंच पकडतो. बाकीची शिखरं दाखवता आली पाहिजेत. आणि बँड गॅप २.४२ पेक्षा थोडा जास्त आला तर घाबरायचं नाही, कण फार बारीक असले की वाढतो तो.

आता कॅडमियम. हो, तेच कॅडमियम. पण तयार फिल्म हा धोका नाही, सीडीएस पाण्यात जवळपास विरघळत नाही. धोका आहे आधीच्या द्रावणाचा, तिथं कॅडमियम विरघळलेलं असतं. आणि सीबीडीची खरी गोम ही की बीकरमधल्या कॅडमियमपैकी फारच थोडं काचेवर बसतं, बाकी सगळं उरलेल्या पिवळ्या पाण्यात. ते पाणी कुठं जातं हे बहिणीला विचार. बेसिनमधे ओतत असतील तर ते बंद करायला सांग, सगळेच करतात हे काही उत्तर नाही. पावडर वजन करताना मास्क, ग्लोव्हज कायम, अन् लॅबमधे डबा खायचा नाही, खायचा म्हणजे खायचाच नाही. भट्टीत फिल्म तापवायची असली तर फ्यूम हूड (वाफा ओढून बाहेर टाकणारं कपाट) चालू पाहिजे. एवढं पाळलं तर घाबरायचं काम नाही, मी पण करतोच आहे.


सुषमाताई_झूलॉजी

वरच्या भावानं फिजिक्स छान सांगितलं. मी सीनियर कॉलेजला झूलॉजी शिकवते, अशा उंदरांच्या कामात राहिलेली आहे, म्हणून पोस्टरवर काय असतं अन् काय नसतं ते सांगते. मामांना वाचून दाखवायचंय म्हणालात म्हणून सोपं लिहायचा प्रयत्न करते पण लांबेल.

असं असतं बघा. विस्टार जातीचे पांढरे उंदीर घेतात, प्राण्यांच्या नैतिकता समितीची परवानगी लागते त्याला. सहा-सहाचे गट पाडतात. एका गटाला काहीच नाही. दुसऱ्याला नुसतं विष, म्हणजे कॅडमियम क्लोराइड नाहीतर जेंटामायसिन (अँटिबायोटिक) नाहीतर सिस्प्लॅटिन (कॅन्सरचं औषध), जास्त झालं की ही पण किडनी बिघडवतात. तिसऱ्याला, चौथ्याला विष अधिक वनस्पतीचा अर्क, कमी डोस अन् जास्त डोस. मग रक्तातलं क्रिएटिनिन, युरिया पाहतात, किडनी वाटून त्यात एमडीए (पेशीच्या नुकसानीची खूण) किती, अन् पेशीची स्वतःची ढाल म्हणजे ग्लुटाथायोन, एसओडी, कॅटालेज किती ते मोजतात, अन् किडनीचा पातळ काप रंगवून मायक्रोस्कोपखाली बघतात. विषवाल्या गटात नळ्यांच्या पेशी सुजलेल्या, गळून पडलेल्या दिसतात, अर्कवाल्या गटात त्या बऱ्याच शाबूत. पोस्टरवर तो गुलाबी फोटो असतो ना, तोच. मामांनी त्याचाच फोटो काढला असणार.

हे काम खोटं नाही, आधी ते सांगते. कॅडमियम शरीरात गेलं की लिव्हरमधे मेटॅलोथायोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, तिथून हळूहळू किडनीत येतं अन् तिथल्या नळ्यांच्या पेशींत साठतं, अर्धं बाहेर पडायला १० ते ३० वर्षं लागतात. कॅडमियम स्वतः काही जाळत नाही, ते पेशीतलं ग्लुटाथायोन अडकवून ठेवतं, मग पेशीची स्वतःची ढाल संपते अन् रोजच्या श्वासातून तयार होणारे फ्री रॅडिकल तिला खातात. म्हणून अँटिऑक्सिडंट दिलं तर फायदा व्हायला हवा हा विचार बरोबरच आहे. जपानमधे तोयामा भागात जिंझू नदीच्या पाण्यात खाणीतलं कॅडमियम उतरलं, त्या पाण्यावर भात पिकला, लोकांच्या किडन्या गेल्या अन् हाडं ठिसूळ होऊन खोकलं तरी मोडायची. इताई-इताई म्हणतात त्या आजाराला, १९६८ साली तिथल्या सरकारनं मान्य केलं की कारण कॅडमियमच. म्हणून बेसिनची गोष्ट वरच्या भावानं सांगितली ती मनावर घ्या.

पण आता मामांसाठी महत्त्वाचं. ह्या प्रयोगात अर्क कधी देतात? विषाच्या आधीपासून किंवा विषासोबतच. म्हणजे धडधाकट तरुण उंदीर, त्याला छत्री आधी दिली मग पाऊस पाडला. मामांच्या किडनीत जे झालंय ते वर्षानुवर्षांचं, तिथं वण पडून गेलेत, अन् वणाच्या जागी नवीन नळ्या उगवत नाहीत. ४.१ क्रिएटिनिन असलेला म्हातारा उंदीर घेऊन त्याला अर्क देऊन बरा केला असा प्रयोग त्या पोस्टरवर नाही, नीट वाचलं तर दिसेल.

विषाचा डोस पण बघा. जेंटामायसिन उंदराला ८० ते १०० मिलिग्रॅम वजनाच्या दर किलोला देतात, सलग आठवडाभर. माणसाला दवाखान्यात देतात ते ५ च्या आसपास. मुद्दाम किडनी पाडायची असते म्हणून. आणि अर्क देतात २००, ४०० मिलिग्रॅम दर किलो. उंदराचा डोस माणसाला लावताना साधारण ६.२ नं भागतात, तरी ४०० च्या डोसनं ६० किलोच्या माणसाला रोज चार ग्रॅमच्या जवळपास सुका अर्क होतो, पानं नाही, अर्क. बाजारातल्या बाटलीत काय आहे, किती आहे, कोणत्या झाडाचं आहे देव जाणे. पुनर्नवा म्हणून तर खापरा नावाचं दुसरंच झाड सर्रास विकतात, दिसायला सारखं, जमिनीवर पसरतं, अन् त्यात ऑक्झलेट असतं जे किडनीला नकोच असतं.

अजून एक, काही पोस्टरवर नुसती डीपीपीएच नावाची अँटिऑक्सिडंटची टेस्ट असते. जांभळं द्रावण असतं, अर्क टाकला की पिवळं पडतं, ५१७ नॅनोमीटरला मोजायचं. अहो चहा टाकला तरी पिवळं पडतं ते! टेस्ट ट्यूबमधे रंग गेला म्हणजे पोटातून पचून रक्तातून किडनीपर्यंत तेच पोचलं असं होत नाही. माझे विद्यार्थी निष्कर्षात लिहून टाकतात की सदर वनस्पती किडनीच्या आजारावर गुणकारी आहे, मी लाल पेननं खोडते, परत लिहितात.


डायलिसिसवाला_भाऊ

मी एका डायलिसिस युनिटला टेक्निशियन आहे, तीन शिफ्टला खुर्च्या भरलेल्या असतात, त्यात जवळपास सगळे शेतकरी नाहीतर शेतमजूर. काढ्याचं मी सरळ सांगतो, देऊ नका, मामींना म्हणा चावी तशीच राहू द्या.

कारण पोटॅशियम. किडनी चालू असते तेव्हा जास्तीचं पोटॅशियम लघवीतून जातं, ४.१ ला ते रक्तातच तुंबतं. पुनर्नव्यात पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात, लघवी सुटते ती काही अंशी त्यामुळंच. धडधाकट माणसाला चालून जातं. ह्यांना नाही. पोटॅशियम वाढलं तर दुखत नाही खुपत नाही, हातपाय जड वाटतात अन् हार्टचा ठोका बिघडतो, आमच्याकडं पेशंट चालत येतात अन् ईसीजी बघून आम्ही पळतो. रसायन नको म्हणून काढा घेतला असं म्हणतात लोक, अरे बाप्पा काढा पण रसायनच की. बेल्जियममधे १९९० च्या सुमारास वजन कमी करायच्या क्लिनिकमधे चिनी जडीबुटी दिली बायकांना, त्यात ॲरिस्टोलोकियाचं मूळ होतं, किती तरी जणींच्या किडन्या कायमच्या गेल्या, काहींना पुढं मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. झाडाचंच होतं ते.

आणि अँटिऑक्सिडंटचं म्हणाल तर माणसांवर करून पाहिलंय की मोठमोठ्यांनी. एनएसी म्हणून गोळी असते, ॲसिटिलसिस्टीन, अँजिओग्राफीच्या वेळी किडनी वाचावी म्हणून सगळे द्यायचे, उंदरात छान चालायची. २०१८ ला सुमारे ५००० पेशंटवरची ट्रायल छापून आली, गोळी अन् साधी खोटी गोळी, फरक शून्य. दुसरं एक औषध बार्डोक्सोलोन, ते तर शरीराची स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणा चालू करणारं, रिपोर्टात किडनीचा आकडा सुधारलेला दिसायचा, सगळे खूष, पण हार्ट फेल होणारे वाढले म्हणून २०१२ ला ट्रायलच थांबवावी लागली. तेव्हा पोस्टर वाचून बाटली फोडायची नाही.

मामांनी काय करावं ते सांगतो. अंग दुखलं की डायक्लोफेनॅकची गोळी, नाहीतर गावातल्या डॉक्टरकडं जाऊन सुई, हे आधी बंद. सोयाबीनच्या अन् कापसाच्या हंगामात अर्धा गाव त्या गोळीवर चालतं, मला माहीत आहे, दिवसभर उन्हात, पाणी कमी अन् वरून गोळी, किडनीला याच्याहून वाईट काही नाही. बीपी घरी मोजा. लो सोडियम मीठ आणलं असेल तर ते फेकून द्या, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. नारळपाणी नाही. स्टार फ्रूट म्हणतात ते कमरख फळ अजिबात नाही, किडनीच्या पेशंटला ते मेंदूवर चढतं. खर्रा सोडवा, तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम ओढून पानात साठवतं, म्हणजे पोरीच्या बीकरची काळजी करता करता मामा स्वतः रोज थोडं थोडं गालात धरून बसलेत.

आणि हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम, डावा हात सांभाळा. म्हणजे उजव्या हातानं काम करत असतील तर डाव्या हाताच्या शिरेतून रक्त काढू द्यायचं नाही, सलाईन लावू द्यायची नाही, बीपीचा पट्टा पण दुसऱ्या हाताला. उद्या डायलिसिसची वेळ आलीच तर फिस्चुला (डायलिसिसच्या सुईसाठी शीर अन् धमनी जोडून केलेली जागा) त्याच हातात करतात, अन् सलाईन लावून लावून शिरा जाड झालेल्या असल्या की सर्जनला जागाच सापडत नाही. हिपॅटायटिस बीची लस आत्ताच घेऊन ठेवा. खर्चाची भीती वाटत असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, कार्डं आधार आताच नीट करून ठेवा, ऐनवेळी नावात काना-मात्रा चुकलेली निघते अन् माणूस खिडकीवर उभा राहतो.

डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधं आली आहेत, २०२० ला चार हजारावर किडनीच्या पेशंटवर ट्रायल झाली, शुगर नसणाऱ्यांना पण फायदा दिसला. मामांच्या स्टेजला चालेल की नाही हे अकोल्याच्या डॉक्टरांना विचारा, दुकानातून घेऊ नका.


गजाननबुवा_संग्रामपूर

तुमचं सारं वाचलं भाऊ, चांगलं लिवलं. पन मले एक सांगा, हे कॉलेजवाले उंदराले कॅडमियम पाजून राह्यले, तठी काचीवर पिवळा रंग चढवून राह्यले, अन् आमच्या बोअरचं पानी काहून नाई तपासत कोनी? आमच्या गल्लीत चार घरं सोडून एक डायलिसिसवाला हाये. पेपर छापाचा अन् प्रमोशन घ्याचं एवढंच हाये यायचं. माह्या पुतन्यानं पन छापला एक पेपर, पैसे भरून, कोनत्या मासिकात तर त्यालेच मासिकाचं नाव नाई आठवत. मंग त्या काढेवाल्याले कायले नावं ठेवता, त्यानं पोस्टर लावलं तर?


सुषमाताई_झूलॉजी

बुवा, राग बरोबर आहे तुमचा, पैसे भरून छापणाऱ्या मासिकांचा धंदा मी पण जवळून पाहिलाय. पीएचडीला पेपरची सक्ती यूजीसीनं २०२२ च्या नियमात काढली तरी नोकरीला अन् प्रमोशनला पेपर लागतातच, म्हणून ते दुकान चालू. पण काढेवाला अन् कॉलेज एका तराजूत नका घालू, पोस्टरवर गटात सहा उंदीर होते हे लिहिलेलं असतं, बाटलीवर काय लिहिलेलं असतं?

पाण्याचं म्हणाल तर नुसतं खारं पाणी म्हणून सोडून द्यावं असं ते सोपं नाही. आंध्रातलं उद्दानम, श्रीलंका, मध्य अमेरिकेतले ऊसतोड कामगार, सगळीकडं शेतात राबणाऱ्या माणसांना असाच किडनीचा आजार होतोय, शुगर नाही बीपी नाही तरी. कुठं उष्णता अन् पाणी कमी पिणं पुढं येतं, कुठं जमिनीतलं पाणी, कुठं फवारणीची औषधं, अन् गोळ्या तर सगळीकडंच. फॉस्फेटच्या खतात पण थोडं कॅडमियम असतं बरं का, ज्या खडकापासून ते खत करतात त्यात ते मुळातच असतं. तेव्हा आपल्याकडच्या कोणी पोरानं पीएचडीला दहा गावांचं पाणी, माती अन् लघवीतलं कॅडमियम, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन (किडनीच्या नळ्या बिघडल्या की लघवीत वाढणारं प्रथिन) असं धरलं तर मी स्वतः गाईडकडं शब्द टाकते. उंदरांचा तेराव्यांदा तोच प्रयोग करण्यापेक्षा बरं. तोवर जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत बोअरची बाटली देऊन या, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), फ्लोराइड, नायट्रेट तरी कळेल. फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर नको, टीडीएस दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, नाहीतर ५००.


फिल्मवाला_वर्धा

बुवांना माझ्याकडून पण, पातळ फिल्मवाले पाण्याकडं वळलेत हो. टायटॅनियम डायऑक्साइडची फिल्म काचेवर बसवून उन्हात ठेवली की पाण्यातले रंग, कीटकनाशकं तोडते, यावर भरपूर काम आहे. खारेपणा मात्र त्यानं जात नाही, क्षार काही तुटत नसतात, त्याला आरओच. अन् आरओचं जे टाकाऊ पाणी निघतं ते परत नालीत सोडतात, तो अजून वेगळा वाद आहे, इथं नको.


पूर्णाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. मामांना पूर्ण वाचून दाखवलं. उंदराला आधी छत्री दिली मग पाऊस पाडला हे त्यांना पटलं, बाटल्या परत करायला तयार झाले पण तो काढेवाला पैसे देणार नाही म्हणतो, जाऊ द्या. बहिणीला फोन केला, ती म्हणते उरलेलं पाणी बेसिनमधेच जातं आणि लॅब असिस्टंट म्हणतो आजवर काही झालं नाही. तिनं नेमकं काय करावं, सरांना कसं सांगावं? आणि पीएचडीला कॅडमियमच घ्यावं का?

आणि डायलिसिसवाले भाऊ, तुमचं वाचताना मामी उठून स्वयंपाकघरात गेली अन् मिठाचा डबा घेऊन आली, बीपी आहे म्हणून मामांसाठी वेगळं मीठ आणलं होतं मेडिकलमधून. त्यावर पोटॅशियम क्लोराइड लिहिलंय. दीड दोन महिने झाले तेच चालू आहे.


फिल्मवाला_वर्धा

सरांना भांडून सांगायचं नाही, एक मोठी प्लास्टिकची कॅन आणून तिच्यावर कॅडमियम वेस्ट लिहून बेसिनशेजारी ठेवून दे म्हणावं, कोणी नाही म्हणत नाही. उरलेल्या द्रावणात सोडियम सल्फाइड टाकलं की राहिलेलं कॅडमियम पिवळा गाळ होऊन खाली बसतं, पण पीएच अल्कलीच राहू द्यायचा, ॲसिड पडलं तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो विषारी आहे. एकटीनं करू नये, सरांसमोर, हूडखाली. गाळ वाळवून डब्यात, अन् घातक कचरा उचलणाऱ्या मान्यताप्राप्त एजन्सीला कॉलेजनं द्यायचा. पीएचडीला झिंक सल्फाइड किंवा टिन सल्फाइड घे म्हणावं. झिंक सल्फाइडची फिल्म नखरेल आहे, पीएच जरा हलला की हायड्रॉक्साइड बसतं मधे, पण सोलर सेलमधे सीडीएसच्या जागी तेच वापरायचा प्रयत्न जगभर चालू आहे, म्हणजे मुलाखतीत सांगायला पण विषय राहतो.


डायलिसिसवाला_भाऊ

मीठ आत्ताच्या आत्ता बंद. साधंच मीठ पण अगदी कमी, पापड लोणचं नाही. उद्या सकाळी उठून सीरम पोटॅशियमची टेस्ट करून घ्या, सोबत ईसीजी, खामगावला नाहीतर अकोल्याला, क्रिएटिनिनची वाट पाहू नका. ५.५ च्या वर आलं तर रिपोर्ट घेऊन घरी यायचं नाही, तसेच डॉक्टरकडं जायचं. आज रात्री छातीत धडधड, हातापायात ताकद नाही असं काही वाटलं तर सकाळची पण वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. अन् रक्त उजव्या हातातून काढायला सांगा.